व्हिलानोव्हाची वाट

1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चारशे मीटर धावणाऱ्या दोघांची ओळख झाली. एक आयर्लंडचा जिमी रिअर्डन, दुसरा अमेरिकेचा जॉर्ज ग्विडा. ग्विडा फिलाडेल्फियाजवळच्या व्हिलानोव्हा कॉलेजचा. त्या ओळखीतून रिअर्डनला व्हिलानोव्हाची वाट सापडली. आयर्लंडचेच जॉन जो बॅरी आणि थाळीफेक करणारा कमिन क्लॅन्सी हेही तिथेच आले. पुढे रॉनी डिलेनी आला आणि 1956 मध्ये, विद्यार्थी असतानाच, मेलबर्नला त्याने 1500 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. मग ही वाट आयर्लंडच्या पोरांच्या पायाखालची झाली. आपल्याकडे गावचा एक जण मुंबईला लागला की त्याच्या खोलीवर पुढचे चार जण उतरतात, तसंच हे.

माझी लेक अकरावीत आहे, न्यू जर्सीत क्रॉस कंट्री धावते. इथे दहावी संपली की 15 जूनपासून कॉलेजांचे कोच मुलांशी थेट बोलू शकतात. तेव्हापासून आमच्या घरी याद्या, क्रमवाऱ्या आणि फीचे आकडे यांचाच विषय चालू आहे. मला मात्र ही जुनी हकीकत वाचल्यापासून वाटतं, की धावणाऱ्यांनी कॉलेज निवडलं ते माणसं बघून.

व्हिलानोव्हातला माणूस म्हणजे जंबो इलियट. हा गृहस्थ बांधकामाची अवजड यंत्रं विकायचा. धंदा सांभाळून तो कोचिंग करत असे आणि 1981 मध्ये निधन होईपर्यंत ते त्याने सोडलं नाही. त्याच्या पोरांनी 1966, 1967, 1968 आणि 1970 मध्ये कॉलेजांचं राष्ट्रीय क्रॉस कंट्री विजेतेपद मिळवलं. या खेळाचा हिशेब मला फार आवडतो. संघातून सात जण धावतात, पहिल्या पाचांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो. एकटा तारा कितीही चमकला तरी भागत नाही, पाचवा कोण हे बघावंच लागतं. सहावा-सातवाही समोरच्या संघातल्या कुणाला मागे टाकून त्यांची बेरीज वाढवतो.

मुलींना ही निवड फार उशिरा मिळाली. अमेरिकेच्या डोरिस ब्राउनला हायस्कूलमध्ये शाळेच्या ट्रॅकवर धावायला मनाई होती. सिएटल पॅसिफिक कॉलेजात केन फोरमन बायकांना शिकवायला तयार होते, ती त्यांच्याकडे गेली आणि 1967 पासून सलग पाच वर्षं क्रॉस कंट्रीची जागतिक विजेती ठरली. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा 1972 मध्ये आला, आणि पुरुषांसाठी 1938 पासून चालू असलेली कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा ती भरवणाऱ्या संघटनेने स्त्रियांसाठी 1981 मध्ये सुरू केली. म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी! हे वाचताना मला आजही राग येतो. पुढे कॉर्कजवळच्या कोव्हची सोनिया ओ’सलिव्हन त्याच आयरिश वाटेने व्हिलानोव्हाला आली, 1990 आणि 1991 मध्ये वैयक्तिक विजेती झाली, आणि तिथल्या मुलींनी 1989 ते 1994 सलग सहा वेळा संघाचं विजेतेपद राखलं.

मी मूळची नाशिकची, त्यामुळे हे मला परकं वाटत नाही. सावरपाड्याची कविता राऊत आणि चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव, दोघी नाशिकमध्ये कोच विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली घडल्या. कविताने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. आपल्याला पळवणारा माणूस कुठे आहे, हे तिथल्या पोरींनाही आधी शोधावं लागलं.

पैशाचा प्रश्न खरा आहे. व्हिलानोव्हासारखी पहिल्या डिव्हिजनची, म्हणजे खेळातल्या सर्वांत वरच्या श्रेणीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतात. आमच्या शेजारचं प्रिन्स्टन त्याच डिव्हिजनमध्ये असूनही खेळासाठी ती देत नाही, आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तर ती नसतेच. पण तिथेच माझ्या मनातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. इलियटच्या विजेत्या संघात धावलेला टॉम डॉनेली 1975 मध्ये जवळच्याच हॅवरफर्ड या लहानशा कॉलेजात कोच म्हणून गेला आणि चार दशकांहून अधिक काळ तिथेच राहिला. खेळाच्या स्कॉलरशिपशिवाय, अभ्यासाला आलेल्या पोरांना घेऊन त्याने 2010 मध्ये तिसऱ्या डिव्हिजनचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. इलियटचं शिकवणं असं दुसऱ्या कॉलेजात गेलं, तेही एका माणसाबरोबर.

लेकीने कोचसाठी प्रश्न लिहून काढले आहेत. स्कॉलरशिपचा प्रश्न तिने खाली ठेवला आहे. पहिला प्रश्न असा: तुमच्या संघातली सातवी मुलगी चौथ्या वर्षीही संघात असते का, आणि तिला भेटता येईल का?