ब्रेकपॉइंट हिट न होणे

ब्रेकपॉइंट हिट न होणे : डीबगरमध्ये कोडच्या एखाद्या ओळीवर थांबण्याची खूण केलेली असूनही प्रोग्रॅम तिथे न थांबता पुढे निघून जाण्याचा दोष. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, पीएचपी, अबाप अशा सगळ्या भाषांत तो आढळतो आणि नवशिक्यालाही गाठतो, मुरलेल्यालाही. कारणे पुष्कळ असली तरी ती दोनच गटांत मोडतात. एक तर खूण चालत्या प्रोग्रॅममध्ये बसलेलीच नसते; नाहीतर ती नीट बसलेली असते, पण प्रोग्रॅम त्या ओळीपर्यंत येतच नाही. पहिला दोष साधनांच्या जुळणीचा, दुसरा बहुधा प्रोग्रॅमच्याच तर्काचा. यांतला कोणता हे आधी न ठरवता आयडीई बंद-चालू करत बसणे हा या दोषावरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी इलाज होय.

१९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकावर मूळ रचनेत प्रोग्रॅम म्हणजे एका युनिटमधून दुसऱ्यात खोचलेल्या केबली. हव्या त्या टप्प्यावर यंत्र थांबवायचे तर तिथली केबल उपसून ठेवत. या युक्तीचे श्रेय एनिॲकच्या प्रोग्रॅमर बेट्टी होल्बर्टन यांना दिले जाते. उपसलेली केबल निदान डोळ्यांना दिसे. आज एडिटरच्या समासात उमटणारा लाल ठिपका ही केवळ इच्छा असते; ती पुरी होण्यासाठी मागे बरीच कामे बिनबोभाट व्हावी लागतात.

इंटेल घराण्याच्या प्रोसेसरवर डीबगर त्या ओळीच्या यंत्रसूचनेचा पहिला बाइट बाजूला काढून ठेवतो आणि त्याच्या जागी ‘सीसी’ हा एक बाइटचा आदेश लिहितो (दशमानात २०४). प्रोसेसर तिथे पोहोचला की अपवाद क्रमांक ३ उद्भवतो. लिनक्स तो सिगट्रॅप या सिग्नलच्या रूपाने कळवते आणि डीबगर जागा होतो. पुढे जायचे ठरले की मूळ बाइट परत ठेवायचा, सूचनेचा पत्ता एक घर मागे घ्यायचा, ती एकच सूचना चालवायची आणि ‘सीसी’ पुन्हा लिहायचा. हे सारे मेमरीत घडते, डिस्कवरच्या फाइलला धक्का लागत नाही. म्हणजे डीबगरला तीन गोष्टी माहीत हव्यात : ओळीचा मेमरीतला पत्ता, तो पत्ता कोणत्या प्रोसेसमध्ये आहे, आणि तिथे लिहिता येते की नाही. यांतली एक जरी चुकली तरी ठिपका शोभेचा उरतो.

ओळीवरून पत्ता काढण्यासाठी कंपायलरने सोडलेली डीबग माहिती लागते. लिनक्सवर ती ड्वार्फ या स्वरूपात असते, विंडोजवर पीडीबी फाइलमध्ये. जीसीसीला ‘उणे जी’ हा पर्याय दिला नाही तर ती तयारच होत नाही. पीडीबीचे प्रकरण जरा कडक आहे. प्रत्येक बिल्डला एक ओळखक्रमांक मिळतो, तोच प्रोग्रॅमच्या फाइलमध्येही कोरलेला असतो, आणि दोन्ही जुळल्याशिवाय व्हिज्युअल स्टुडिओ ती पीडीबी स्वीकारत नाही. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नसला तरी कालच्या बिल्डची पीडीबी आजच्या बिल्डला चालेलच असे नाही. अशा वेळी भरीव ठिपक्याऐवजी पोकळ वर्तुळ दिसते. व्हीएस कोडमध्येही न बसलेला ब्रेकपॉइंट करडा होतो, तर जीएनयूचा डीबगर जीडीबी उलट विचारतो की ही लायब्ररी पुढे कधी लोड झाली तर तेव्हा बसवू का. व्हिज्युअल स्टुडिओतल्या पोकळ वर्तुळावर माऊस नेला की नेमके कारण लिहिलेले सापडते : सिम्बॉल लोड झालेले नाहीत, किंवा समोरचा सोर्स मूळ आवृत्तीपेक्षा वेगळा आहे. हा संदेश न वाचता तासभर घालवणाऱ्यांची जमात मोठी आहे.

सोर्स वेगळा असण्याचा प्रकार तर रोजचा. टॉमकॅटवर जुनी वॉर फाइल राहिलेली असते, डॉकरची इमेज नव्याने बांधलेली नसते, ब्राउझरने जावास्क्रिप्टची शिळी प्रत कॅशमधून उचललेली असते किंवा पायथन त्याच नावाचे दुसऱ्या फोल्डरमधले मॉड्यूल आयात करतो. टाइपस्क्रिप्टसारख्या भाषांत लिहिलेला कोड वेगळा आणि चालणारा वेगळा. त्यांना सांधणाऱ्या सोर्स मॅपमधला मार्ग चुकला की सगळे ब्रेकपॉइंट एकदम करडे पडतात. यावर एक रांगडी कसोटी आहे. संशयित फाइलमध्ये मुद्दाम व्याकरणाची चूक करायची आणि नेहमीसारखे बिल्ड करून चालवायचे. तरीही प्रोग्रॅम सुरळीत चालला, तर आपण भलतीच फाइल उघडून बसलो आहोत हे सिद्ध होते. मिनिटभराचे काम असते, आणि डीबगरचे मत त्यात विचारावे लागत नाही.

ऑप्टिमायझेशनचा घोळ वेगळा. रिलीझ बिल्डमध्ये कंपायलर लहान फंक्शने बोलावणाऱ्याच्या पोटात विरघळवतो, निकालावर परिणाम न करणारी ओळ गाळतो आणि उरलेल्या सूचनांचा क्रमही बदलतो. गाळलेल्या ओळीला पत्ताच नसल्यामुळे डीबगर ठिपका गुपचूप खालच्या ओळीवर सरकवतो. जीसीसीच्या २०१३ सालच्या ४.८ आवृत्तीपासून ‘उणे ओ-जी’ हा पर्याय मिळतो. त्यात डीबगिंगला बाधा न येईल इतपतच सुधारणा केल्या जातात. दोष रिलीझ बिल्डमध्येच दिसत असेल तर मात्र ओळीचा नाद सोडून फंक्शनच्या पत्त्यावर ब्रेकपॉइंट लावणे बरे.

‘थांबायला हवे होते, थांबले नाही’ ही तक्रार भिवंडीला संगणकाच्या आधीपासून ठाऊक आहे. काही लाख यंत्रमागांच्या या शहरात साध्या मागावर बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली की माग आपोआप थांबावा, यासाठी वेफ्ट फोर्क नावाची काटेरी पट्टी बसवलेली असते. तिचे दाते फणीच्या बाजूच्या जाळीसमोर येतात. धागा जागेवर असेल तर तो दात्यांना मागे ढकलतो, फोर्कची शेपटी वर उचलली जाते आणि खालून येणारा हातोडा तिला न अडकता निघून जातो. धागा नसेल तर शेपटी हातोड्यात अडकते, हँडल पडते, पट्टा मोकळ्या पुलीवर सरकतो आणि माग थांबतो. बाजूच्या फोर्कची ही तपासणी धोट्याच्या दर दोन फेकींमागे एकदाच होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

आता ही यंत्रणा कशी फसते ते पाहावे. जाळीत कापसाची रुई साचली, किंवा वाकलेले दाते खुद्द जाळीलाच टेकू लागले, तर धागा नसतानाही शेपटी उचलली जाते. फोर्कच्या लेखी धागा शाबूत असतो, आणि माग बाण्याविना धावत राहतो. कधी फोर्क बरोबर ओळखतो, हँडलही पडते, पण ब्रेक झिजलेला असल्यामुळे माग आणखी काही फेकी घेऊनच थांबतो. कापडावरचा दोष दोन्ही प्रकारांत सारखाच दिसू शकतो; दुरुस्ती मात्र एकदा दात्यांची आणि एकदा ब्रेकची. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हा फरक कळावा लागतो, आणि त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे चालत्या मागावर बाणा मुद्दाम तोडून हँडल पडते का ते बघणे. वर सांगितलेल्या मुद्दाम केलेल्या चुकीचेच हे भावंड.

साध्या मागांना अशी साधने जोडण्याचा विषय सरकारी धोरणातही आला. १ एप्रिल २०१७ रोजी तत्कालीन केंद्रीय वस्त्रोद्योगमंत्री स्मृती इराणी यांनी ‘पॉवरटेक्स इंडिया’ ही योजना भिवंडीतूनच सुरू केली. जुना माग जागेवर ठेवूनच सुधारण्याच्या तिच्या भागात वेफ्ट स्टॉप मोशन, वॉर्प स्टॉप मोशन आणि चांगला ब्रेक यांचा समावेश होता. ओळखणारे साधन आणि थांबवणारे साधन वेगवेगळे मोजले गेले, हे त्या यादीचे शहाणपण.

त्याच भिवंडीच्या माणकोली, काल्हेर, पूर्णा, पडघा या गोदामपट्ट्यात हाच प्रश्न संगणकाच्या रूपात येतो. गोदामातल्या कामगाराने हँडहेल्ड स्कॅनरने बारकोड टिपला की विनंती दूरच्या सर्व्हरवर जाते, आणि तिथे एकच प्रोग्रॅम अनेक प्रोसेसमध्ये चालत असतो. डीबगर एका प्रोसेसला जोडलेला आणि विनंती दुसरीच्या वाट्याला, असे झाले की ब्रेकपॉइंट बिचारा बरोबर बसूनही रिकामा राहतो. अबाप भाषा वापरणाऱ्या सॅप या व्यवसाय-प्रणालीत तर ब्रेकपॉइंटचेच प्रकार वेगळे आहेत. सेशन ब्रेकपॉइंट हा प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या लॉगिनपुरता; आरएफसी किंवा एचटीटीपीमार्गे आलेल्या कॉलसाठी एक्स्टर्नल ब्रेकपॉइंट लावावा लागतो, तोही ज्या युजरच्या नावाने कॉल येतो त्याच्यासाठी. तो सहसा दोन तासांनी आपोआप मावळतो, त्यामुळे जेवणाआधी थांबणारा प्रोग्रॅम जेवणानंतर थांबत नाही. बॅकग्राउंड जॉब या दोन्हींना दाद देत नाही; त्यासाठी एसएम-३७ मध्ये जॉब निवडून ‘जेडीबीजी’ हा आदेश द्यावा लागतो.

जँगोचा विकाससर्व्हर कोड बदलला की स्वतःला पुन्हा सुरू करता यावे म्हणून खरे काम दुसऱ्या प्रोसेसकडे सोपवतो. ‘नो-रीलोड’ दिल्यावर ते एकाच ठिकाणी येते. एखाद्या प्रोसेसने ‘फोर्क’ करून नवी बाळ-प्रोसेस काढली तर जीडीबी मूळ प्रोसेससोबतच राहतो, बाळाच्या मागे जायचे तर तसे सांगावे लागते. नोडला ‘इन्स्पेक्ट’ देऊन सुरू केले तर डीबगर जोडेपर्यंत सुरुवातीच्या ओळी चालून गेलेल्या असतात, म्हणून ‘इन्स्पेक्ट-ब्रेक’ वापरतात. जावात तेच काम ‘सस्पेंड’ला होकार देऊन होते. जावा ९ पासून डीबगचे पोर्ट नुसता क्रमांक दिल्यास फक्त त्याच यंत्रापुरते उघडते, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर बाहेरून जोडला जाणारा डीबगर अद्ययावतीकरणानंतर अचानक परका झाला. पीएचपीच्या एक्सडीबगने २०२० मध्ये तिसऱ्या आवृत्तीत नेहमीचे पोर्ट ९००० वरून ९००३ केले. जुन्या लेखांतून सेटिंग उतरवणारे अजूनही ९००० वर कान लावून बसतात.

लिहिता न येणाऱ्या मेमरीत ‘सीसी’ची युक्ती चालत नाही. मायक्रोकंट्रोलरमध्ये कोड फ्लॅशमध्ये असतो, म्हणून तिथे चिपमधल्या तुलना करणाऱ्या सर्किटवर भिस्त असते, आणि ती मोजकीच असतात : कॉर्टेक्स एम-३ आणि एम-४ मध्ये सूचनांसाठी सहा. सातवा ब्रेकपॉइंट लावताना काही साधने स्पष्ट तक्रार करतात, काही गप्प बसतात. इंटेलच्या ८०३८६ पासून, म्हणजे १९८५ पासून, अशा ब्रेकपॉइंटसाठी डीआर-० ते डीआर-३ या रजिस्टरांत चारच पत्ते ठेवता येतात. मायक्रोकंट्रोलरच्या डीबगिंगमध्ये महाराष्ट्राचा हातभार जुना आहे. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने रेनेसाच्या एच-८ आणि सुपरएच घराण्यांतल्या चिपसाठी जीएनयू कंपायलर आणि डीबगर यांचे संच वर्षानुवर्षे मोफत पुरवले.

पायथनमध्ये यंत्रसूचना बदलण्याचा प्रश्नच येत नाही. डीबगर ‘सेट-ट्रेस’ या सोयीतून प्रत्येक ओळीची खबर घेतो. ही सोय प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र लावावी लागते आणि एका वेळी एकालाच मिळते, म्हणून कव्हरेज मोजणारे साधन सोबत चालवले की डीबगरची खबर तुटू शकते. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत आलेल्या ‘सिस-मॉनिटरिंग’मुळे अशा साधनांना शेजारी नांदता येते. ३.७ पासून कोडमध्येच ‘ब्रेकपॉइंट’ हे फंक्शन लिहिता येते. पण ‘पायथनब्रेकपॉइंट’ या पर्यावरणचलाची किंमत कोणी शून्य ठेवली असेल तर अशी सगळी फंक्शने मुकाट ओलांडली जातात. इंटेलिजेमध्ये ‘म्यूट ब्रेकपॉइंट्स’चे बटण चुकून दाबले गेल्यावरही तेच होते. सशर्त ब्रेकपॉइंटच्या अटीत दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच पडले तर सी भाषेत ती तुलना न राहता किंमत बदलण्याचा आदेश होते. उजवीकडे शून्य असेल तर अट कधीच खरी ठरत नाही, आणि वर चलाचे मूल्यही बिघडते.

एवढे सगळे तपासून ठिपका भरीव, प्रोसेस बरोबर आणि अट रास्त निघाली, तर दोष दुसऱ्या गटातला. इथे न थांबणे हाच पुरावा असतो : ती ओळ चालतच नाही. जीडीबीत ‘इन्फो ब्रेकपॉइंट्स’ दिले की प्रत्येक खुणेवर किती वेळा थांबलो तो आकडा दिसतो. तो कोरा असेल तर ठिपका फंक्शनच्या पहिल्या ओळीवर, मग ते बोलावणाऱ्याकडे, असा वर सरकवत न्यावा. जिथे प्रोग्रॅम पहिल्यांदा थांबतो आणि जिथे थांबत नाही, त्या दोहोंच्या मधोमध उत्तर असते : आधीच परत फिरवणारा ‘रिटर्न’, गिळून टाकलेले एक्सेप्शन, कॅशमधून परस्पर दिलेले उत्तर, किंवा त्याच नावाचे भलतेच ओव्हरलोड.

चालू गोदामाच्या सर्व्हरवर मात्र हा उद्योग करता येत नाही. एका ओळीवर थांबलेली प्रोसेस तिच्या वाट्याला आलेले सगळे स्कॅन अडवून ठेवते, टाइमआउट होतात आणि मूळ दोषात नव्याची भर पडते. तिथे न थांबता नोंद करणारे लॉगपॉइंट वापरतात. व्हीएस कोडमध्ये ते २०१८ पासून आहेत. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २०१२ च्या ३.५ आवृत्तीत दाखल झालेले यूप्रोब तर इंटेलवर तोच ‘सीसी’ बाइट लिहितात, पण प्रोसेसला ताटकळत न ठेवता मूल्य टिपून तिला लगेच पुढे सोडतात.