कॉफीचा भूगोल आणि उचलीचा इतिहास

एखादे पीक अमुक देशात का होते, याचे उत्तर देताना आपली पाठ्यपुस्तके तीन गोष्टी मोजतात : उंची, पाऊस आणि माती. हे मोजमाप खोटे नाही. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. या तीन गोष्टींवाचून कोणत्याही पिकाचा उलगडा होत नाही, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की, उलगडा तेथेच संपतो काय? भारतातील कॉफीच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहावा असे मला वाटते. कारण हवामानाचे इतके लाड मागणारी पिके थोडी, आणि ते लाड कोणी पुरवले याचा इतिहासही तितकाच बोलका आहे.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या उंच डोंगरी जंगलातले. मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारे. तेथून ते येमेनमध्ये गेले. सतराव्या शतकात बाबा बुडन या सुफी संताने हजहून परतताना येमेनमधून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. त्यातील आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला, तरी जागा अचूक होती. हा आपलाच सह्याद्री. पण आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढे डोंगर वाळत राहतो. दक्षिणेकडे जावे तसा हा कोरडा काळ आखूड होतो. मार्च-एप्रिलमध्ये वळीव येतो आणि परतीचा पाऊसही रेंगाळतो. म्हणूनच देशातील सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात, कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांत होते. महाराष्ट्राच्या वाट्याला सातपुड्यातील चिखलदऱ्याची थोडीशी येते.

वळवाचे महत्त्व येथे नीट समजून घेतले पाहिजे. हिवाळ्याच्या कोरडेपणात कॉफीच्या कळ्या निद्रिस्त पडून असतात. वळवाची एक चांगली सर आली की आठ-दहा दिवसांत सारा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. काही आठवड्यांनी दुसरी सर आली तरच फळ धरते. सर चुकली तर वर्ष चुकले.

चवीचेही तसेच आहे. अरेबिका ही जात साधारण १००० ते १५०० मीटर उंचीवर, थंड हवेत सुखावते. तेथे फळ सावकाश पिकते, बी घट्ट होते, तिच्यात सुगंध आणि किंचित आंबूस झाक उतरते. रोबस्टा खालच्या, उष्ण उतारावर वाढते. ती कडू आणि दाट, कॅफीनही जवळजवळ दुप्पट. भारतातील बहुतेक कॉफी सावलीत वाढते. सिल्व्हर ओक, पांगाऱ्याच्या जातीची झाडे, फणस यांचे छत्र पावसाचा मार आणि उन्हाची तिरीप दोन्ही अडवते. त्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात.

समुद्रवाऱ्यानेही एक चव घडवली. शिडाच्या जहाजांतून मलबार किनाऱ्यावरची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्महिने युरोपकडे जाई. दमट हवेने दाणे फुगत, पिवळट पडत आणि आंबूसपणा जाऊन चव सौम्य होई. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आखूड झाला आणि ती चव हरवली. गिऱ्हाइकाला मात्र तिची सवय जडली होती. तेव्हा पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत दाणे पसरून, पुन्हापुन्हा उलथून तीच चव मुद्दाम आणली जाऊ लागली. हीच ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी.

त्याच १८६९ साली सिलोनमध्ये कॉफीच्या पानावर तांबेरा पडला. उष्ण आणि ओल्या हवेत तो फोफावला. वीसएक वर्षांत तेथील कॉफी संपली आणि तिच्या जागी चहा आला. दक्षिण भारतातही रोग पसरला. सखल भागातील अरेबिकाला त्याचा फटका जास्त बसला. पुढे विसाव्या शतकात रोगाला टिकणारी रोबस्टा वाढत गेली आणि आज देशाच्या उत्पादनात तिचाच वाटा मोठा आहे.

येथवर सारे निसर्गाचे. आता त्याच निसर्गाकडे मजुराच्या बाजूने पाहू. फुलोरा सरींमागून टप्प्याटप्प्याने येतो, म्हणून एकाच फांदीवर हिरवे आणि लाल फळ एकत्र असते. चांगल्या चवीसाठी फक्त लाल फळ तोडावे लागते. म्हणजे एकाच झाडाकडे तीन-चार वेळा परतावे लागते. ब्राझीलच्या सपाट पठारावर यंत्र तोडणी करते. सह्याद्रीच्या उतारावर, झाडांच्या सावलीत यंत्राला वाट नाही. तेथे हातच हवेत, आणि तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी एकदम पुष्कळ. इतके हात ऐन वेळी कोठून येणार?

हे हात भूगोलाने दिले नाहीत. ते जातिव्यवस्थेने तयार ठेवले होते. कोडगूत होलेय आणि येरव पिढ्यान्‌पिढ्या जमिनीला बांधलेले होते. वयनाडमध्ये पणियर आदिवासींना वळ्ळियूरकावूच्या जत्रेत वर्षाच्या बोलीवर जमीनदाराशी बांधले जाई. १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीचा कायदेशीर आधार गेला, आणि त्यानंतरच्या दशकांत मळे फोफावले. बेडी गेली, तिच्या जागी उचल आली. मेस्त्री आगाऊ पैसे वाटी आणि घाटाखालून, म्हैसूरच्या पठारावरून टोळ्या वर नेई. सिलोनच्या मळ्यांवर तमिळ मुलखातून जंगल तुडवत गेलेल्यांतही पळ्ळर, परैयर या अस्पृश्य जातींचाच भरणा होता. १९४८ साली सिलोनच्या नागरिकत्व कायद्याने त्यांच्या वंशजांना परके ठरवले.

‘उचल’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जात. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. पण मुकादमाच्या वहीतील आकडा मी शाळेतल्या पाढ्यांच्या आधी शिकलो. मेस्त्री आणि मुकादम यांच्या भाषा वेगळ्या, वही एकच.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. १९५१ साली मळेकामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली वेठबिगारी रद्द करणारा कायदा झाला. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये चिकमगळूर जिल्ह्यातील एका कॉफी मळ्यावर उचलीच्या वादातून दलित मजुरांना कोंडून ठेवल्याची तक्रार झाली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला.

२०१९ साली कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी आणि अरकू खोऱ्याची अरेबिका व वयनाडची रोबस्टा यांना भौगोलिक मानांकन मिळाले. चव ही त्या भूमीची ओळख आहे, हे सरकारदरबारी नोंदले गेले. त्याला माझा विरोध नाही. परंतु त्या भूमीवर पिढ्या खपलेल्यांच्या नावे तिथला वीतभर तुकडाही बहुधा नसतो. मळ्यावरच्या चाळीतली खोली कामाबरोबर मिळते आणि कामाबरोबर जाते.

उंची माणसाने ठरवली नाही, वळीवही नाही. पण टोपली कोणाच्या पाठीवर आणि सातबारा कोणाच्या नावावर, हे माणसाने ठरवले आहे. जे माणसाने ठरवले ते माणसाला बदलता येते. आपल्या विद्यार्थ्यांना नकाशावर कॉफीचा पट्टा रंगवायला सांगताना, त्या पट्ट्यात जमीन कोणाची आणि मजूर कोण, हा प्रश्नही वर्गात विचारला गेला पाहिजे.