मिलोची भाकरी आणि सातबारा

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमची आजी मिलोपासून सुरू करायची. तांबडा, जाड सालीचा, अमेरिकेतून बोटीनं आलेला आणि रेशनच्या दुकानात रांग लावून मिळणारा दाणा. "थापताना काठाला चिरायची, गार झाली की वातड. पर खाल्ली. न खाऊन सांगता कुणाला?" शाळूच्या पांढऱ्या भाकरीवर वाढलेली ती माणदेशी बाई. बैल विकल्याचं ती शांतपणे सांगायची. मिलोचं नाव निघालं की मात्र आवाज चढायचा. तिकडं म्हणे हे जनावरांना घालतात, ही बोच तिला शेवटपर्यंत राहिली.

तिकडं हा दाणा पिकतो तो मुख्यतः कॅन्सस आणि टेक्सासच्या मैदानांत. बहात्तरच्या चाळीसएक वर्षं आधी तिथल्याच शेतकऱ्यांची धुळीनं दाणादाण उडवली होती. आधी गव्हाच्या भावाच्या लोभानं गवताळ जमीन नांगरून काढली, मग भाव कोसळले, पाऊस हटला आणि मोकळी माती वाऱ्यावर गेली. १४ एप्रिल १९३५ ला भर दिवसा अंधार झाला. हजारो कुटुंबं मोडक्या मोटारींवर बिऱ्हाड बांधून कॅलिफोर्नियाकडं निघाली. कमी पावसावर तग धरणारं पीक म्हणून त्या मैदानांत मिलो टिकला, आणि आमचा पाऊस गेला तेव्हा बोटीत बसून माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बाजूला आला. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, दुष्काळानं दुष्काळाला धाडलं. नाही सांगितलं, कारण मलाच ते फार उशिरा कळलं.

आमचा हा माण तालुका सातारा जिल्ह्यातच, पण पावसाच्या हिशेबात वेगळ्या मुलखातला. पश्चिमेला महाबळेश्वरावर ढग रिते होतात आणि उरलेसुरले माणवर येतात ते नुसते सावली धरायला. तिथं दुष्काळ नवा नव्हताच, पण १९७० पासून लागोपाठ तीन पावसाळे हुकले. पेरलेलं बी सुद्धा परत आलं नाही. वैशाखात वावटळी उठायच्या आणि दुपारभर फुफाटा घरात शिरायचा. सोप्यात जेवायला बसलं की कालवणात माती पडे, म्हणून आजी पोरांना न्हाणीत बसवून जेवू घालायची. एका हातानं दाराला गोणपाट धरायची आणि दुसऱ्या हातानं वाढायची. तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते, हे सांगताना अजूनही नकळत ताटावर पंजा धरतात.

मग दुष्काळी कामं निघाली. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, आणि ज्यावरून कुणी कुठं जाणार नव्हतं असे काही रस्ते. बायामाणसं उन्हात बसून हातोड्यानं दगड फोडत. संध्याकाळी ढिगाचं मोजमाप व्हायचं आणि त्यावर मजुरी ठरायची. ढीग जरा फुगीर रचायची कला आजीला साधली होती, आणि मोजणाऱ्याला ती ओळखता येत होती. रोजची ही कुस्ती. दुपारी सुकडी वाटली जायची. तिचा गोड वास पोरांना कामावर खेचून आणी. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. मागेल त्याला काम, ही कल्पना वि. स. पागे यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून पाहिली होती. दुष्काळानं तिची रोजगार हमी योजना केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. देशभरच्या मनरेगाचं मूळ असं आमच्या भागातल्या खडीच्या ढिगात आहे. याचा अभिमान मी बाळगतो. आजीनं कधी बाळगला नाही. तिच्या लेखी ती खडी होती.

पण खडीनं पोट भागलं, देणं नाही. सोसायटीचं कर्ज अंगावर होतं, सावकाराचं त्याहून जुनं. बैलजोडी मातीमोल गेली. जमीन विकायची गोष्ट निघाली तेव्हा अठरा वर्षांचे तात्या मुंबईच्या गाडीत बसले. मशीद बंदरला गावच्या माणसांची एक खोली होती. दिवसपाळीवाले निजले की रातपाळीवाले बाहेर, अशी ती चोवीस तास भरलेली. तात्या धान्याच्या टोळीत लागले. पाठीवर, डोक्यावर क्विंटलची पोती. नशिबानं माथाडी कायदा १९६९ मध्येच झाला होता. पाटण तालुक्याच्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटनेत बांधलं होतं, त्यामुळे बोर्डात नाव, पगारातून फंड, हे हळूहळू मिळालं. दरमहा मनीऑर्डर जायची. तिच्यातून आबांनी, म्हणजे आजोबांनी, आधी कर्ज फेडलं, बैल नंतर घेतले. घरी यावरून बरीच भांडणं झाली, पण सातबारा कोरा राहिला.

पुढं मुंबईचा घाऊक बाजारच खाडी ओलांडून नवी मुंबईत आला. कांदा-बटाटा १९८१ मध्ये, धान्य-मसाला १९९१ मध्ये, फळं-भाजी १९९६ मध्ये. बाजार उभा तुर्भ्यात, नाव मात्र वाशी मार्केट. तुर्भेकरांना हे अजून खुपतं. बाजारामागून आमचं बिऱ्हाडही इकडं आलं.

इथं तात्यांची दोस्ती झाली ती गावठाणातल्या एका आगरी म्हाताऱ्याशी. त्याच्या घरची खारातली भातशेती होती. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून सगळं गाव मिळून बांध घालायचं. इथं पाऊस असा, की आमच्याकडं चार वर्षांत मिळून पडायचा नाही तेवढा एका पावसाळ्यात. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि आम्ही खडी फोडत होतो त्याच वर्षांत या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात निघाल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या बाजूला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, तेव्हा कुठं साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. म्हातारा एकदा तात्यांना म्हणाला, "तुमची जमीन अजून तुमचेच नावान हाय?" तात्या म्हणाले, "हाय की. पर पिकत न्हाई." दोघं हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. दुष्काळात शेतकरी जमिनीवरून उठतो असं पुस्तकं सांगतात. आमच्या घरात एकजण उठला म्हणून बाकीच्यांची जमीन राहिली. आणि भरपूर पाऊस पडूनही त्या म्हाताऱ्याची राहिली नाही.

गावाकडं आता म्हणतात, बहात्तरला दाणा नव्हता, २०१२ ला पाणी नव्हतं. २०१२ मध्ये म्हसवडला गुरांची मोठी छावणी होती. माणसंही तिथंच जनावरांजवळ पालं ठोकून राहिली. आमच्या दोन म्हशी आणि एक खोंड वाचलं. तात्यांनी तेव्हा निवृत्तीच्या पैशातला काही भाग चाऱ्यावर घातला. चाळीस वर्षांनंतरही मनीऑर्डर चालूच होती, फक्त ती आता बँकेतून जात होती.

त्या जमिनीत माझा चुलतभाऊ कांदा करतो. गेल्या हंगामात त्याची गाडी तुर्भ्याला आली. पहाटे आमच्याच गावच्या टोळीनं ती उतरवली, चहाही त्यांनीच पाजला. पट्टी हातात पडल्यावर त्यानं मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई एकेक करून वजा केली आणि उरलेला आकडा दोनदा वाचला. पट्टीची घडी घालून खिशात ठेवताना त्यानं तात्यांना विचारलं, "टोळीत एखादा नंबर निघंल का हो? धाकट्याला तरी."

तात्या म्हणाले, "विचारून बघतो."