डोंगरावरचा ढग आणि आजची दुपार

मंडळी, ऑक्टोबर लागला की मी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या वरसाव्याच्या गॅलरीत येऊन बसतो. खाडीपलीकडे कामणच्या डोंगरामागे पांढरा ढग फुगू लागतो, चारला काळा पडतो आणि दिवेलागणीला डोक्यावर येऊन गडगडतो. ऐन पावसाळ्यात ढग समुद्रावरून येतात. परतीच्या दिवसांत मात्र वरचा वारा पूर्वेचा होतो आणि सह्याद्रीवर उन्हाने चढलेले ढग कोकणात उतरतात.

माझ्या लहानपणी मुरबाडकडे काकांची भातशेती होती. माळशेजच्या बाजूला अंधारून आलं की काका कापणी थांबवत. हस्त नक्षत्रातल्या एका दुपारी मात्र ते म्हणाले, "एवढी पात उरका, अजून तासभर आहे." तासभर नव्हता. झाडाखाली धावलेला एक गडी विजेने गेला. काकांना दिशा कळत असे, वेळ कळत नसे. ते शल्य त्यांना शेवटपर्यंत राहिलं.

वेळ तेव्हा वेधशाळेला तरी कुठे कळत होती? कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची, हवामान खातं १८७५ सालचं. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८६ साली हिमालयातल्या बर्फावरून साऱ्या मोसमाचा अंदाज दिला. गंमत बघा, चार महिन्यांचा अंदाज आधी आला आणि पुढच्या तीन तासांचा यायला शंभरावर वर्षं लागली! सरकारला दुष्काळाची चिंता होती. शेतकऱ्याला आजची दुपार हवी होती.

असा ढग तासा-दोन तासांत जन्मतो आणि विरतो. तो पाहायला रडारच लागतं. आपल्याकडे ते १९५४ साली कोलकात्याजवळ डमडमला बसलं. छोटा नागपूरच्या पठारावरून बंगालच्या मैदानात उतरणारी कालबैसाखी हे तिथलं जुनं दुखणं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला, कुलाब्याला ऐंशीसुद्धा नाही. ढगातला वारा दाखवणारं डॉप्लर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं. पुढे ते कुलाब्याला आलं, आणि २०२२ च्या जानेवारीत वेरावलीला दुसरं.

आता तीन तासांचा इशारा मोबाइलवर येतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. तरी १३ मे २०२४ च्या वादळात घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ढग कळला म्हणून खालचं सगळं सावरलं जातं, असं नाही.

परवा पुतण्याचा गावाहून फोन आला. "काका, मेसेज आलाय, पण थोडंच भात राहिलंय. उरकून घेऊ का?"

मी म्हटलं, "राहू दे. आधी माणसांना घरात ने."

त्या दिवशी तिकडे पाऊस पडलाच नाही. पुतण्या अजून हसतो. हसू दे बापडा!