एकाच वेळेची नोंद

मंडळी, तालुक्याच्या ठिकाणी रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. साडेआठच का? सवडीनं दहाला मोजलं तर काय बिघडलं? हे नीट समजायचं, तर हवामानाच्या नकाशाचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. समुद्राची लाट हुगळी नदीतून आत शिरली आणि सुमारे ६०,००० माणसं प्राणास मुकली. पाठोपाठ १८६६ साली ओरिसात भयंकर दुष्काळ पडला. हवेच्या नोंदी तेव्हा होत नव्हत्या असं नाही. पण प्रांताप्रांताची रीत वेगळी होती. अखेर १८७५ साली सर्व देशासाठी एक हवामान खातं निघालं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १८७८ पासून सिमल्याहून रोजचं हवामानपत्रक निघू लागलं.

आपल्या उष्ण प्रदेशात नकाशा काढणं मोठं नाजूक काम आहे. युरोपातल्या वादळात हवेचा दाब खूप उतरतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या कमी दाबाच्या क्षेत्रात आणि शेजारच्या मुलखात फरक असतो पुष्कळदा दोनचार मिलिबारांचाच! शिवाय बॅरोमीटरचा पारा रोज ठरल्याप्रमाणे दोनदा चढतो, दोनदा उतरतो. तो फरकही जवळजवळ तेवढाच. आता नागपूरची नोंद सकाळी दहाची घेतली आणि कटकची दुपारी चारची, तर काय होईल? कटकवर नसलेलं वादळ कागदावर दिसेल! म्हणून सगळीकडे वेळ एकच हवी.

ही नोंद आकड्यांच्या सांकेतिक भाषेत तारेनं जाई. १९२८ साली खात्याचं मुख्य ठाणं सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या कचेरीला लोक 'सिमला ऑफिस' म्हणू लागले. नकाशावर प्रत्येक गावासाठी एक बारीक वर्तुळ असतं. ढग असतील तसं ते भरायचं आणि वाऱ्यासाठी त्याला पिसाऱ्यासारख्या रेघा जोडायच्या. उंचावरच्या गावांचा दाब समुद्रसपाटीच्या हिशेबात आणायचा आणि सारख्या दाबाची ठिकाणं रेषेनं सांधायची. विषुववृत्ताजवळ मात्र वारा या रेषांना जुमानत नाही. तिथं वाऱ्याच्या दिशेच्याच रेषा काढाव्या लागतात.

वादळाला सरहद्द ठाऊक नसते. म्हणून देशोदेशींची हवामान खाती आपले आकडे एकमेकांना देतात. आपले साडेआठ म्हणजे ग्रीनिचचे तीन; त्याच घटकेला ब्रह्मदेश आणि सिंहलद्वीपातही नोंद होते. भारतातली तारसेवा २०१३ साली बंद झाली. आता आकडे संगणकावरून जातात आणि उपग्रहही मदतीला आहेत.

याचं मोल काय, ते ओरिसालाच विचारा. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे १०,००० माणसं गेली. २०१३ साली 'फायलिन' आलं, तेव्हा आधीच सूचना मिळून लाखो लोक किनाऱ्यावरून हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

गुरुजी, मुलांकडून शाळेत पावसाची नोंद ठेवून घ्याल, तर दोनच नियम सांगा. वेळ चुकवायची नाही. आणि चुकलीच, तर रकाना कोरा ठेवायचा, पण अंदाजानं आकडा भरायचा नाही. कोऱ्या रकान्यानं नकाशात एक जागा रिकामी राहते. खोट्या आकड्यानं मात्र रेषाच वाकडी जाते, आणि त्या रेषेच्या भरवशावर कोणी तरी होडी समुद्रात लोटलेली असते.