कोर्लई : समुद्रकांठचें एक लहानसें गांव व त्याची ठेव



पोशीरच्या नदीचें पाणी उल्हास नदीस मिळतें व कल्याणवरून वसईच्या खाडीनें दर्यास जातें. आपण डोंगराच्या पायथ्याशीं राहणारे. तरी आपलें पाणी दर्यापर्यंत पोहोंचतें. मग आपल्याच रायगड जिल्ह्यांत दर्याकांठीं राहणाऱ्या धर्मबंधूंची हकीकत आपणांस परकी कां असावी? म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें कोर्लई गांवाचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

कुंडलिका नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें उत्तर तीरावर रेवदंडा व दक्षिण तीरावर कोर्लई आहे. निजामशहाच्या परवानगीनें पोर्तुगीजांनीं १५२१ मध्यें चौलास किल्ला बांधावयास घेतला. त्याचे अवशेष आजही रेवदंड्यास दिसतात. समोरचा कोर्लईचा डोंगरी किल्ला त्यांनीं १५९४ मध्यें जिंकला. पुढें १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली आणि १७४० च्या तहानें चौल व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यांत आलीं. ऐपतदार होते ते गोव्याकडे निघून गेले. गरीब होते ते मागें राहिले.

या मागें राहिलेल्यांचीच ही हकीकत आहे. त्यांना राजा उरला नाहीं, तोफ उरली नाहीं. शेजारीं कोळी, आगरी, मुसलमान असा नाना जातींचा समाज. त्यांच्याशीं देवघेव रोजची, पण सोयरीक आपल्या आपल्यांत. पलीकडे रेवदंड्याच्या बाजारास जावयाचें तर तरीनें खाडी ओलांडावी लागे व भरती-ओहोटीचा विचार करूनच घराबाहेर पडावें लागे. अशा एकाकी जिण्यांत त्यांनीं दोन गोष्टी जपल्या : कार्मेल मातेच्या देवळांतील श्रद्धा आणि आपली बोली. हिला ते 'क्रिस्ती' म्हणतात. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज. परंतु क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, अगदीं आपल्या मराठीप्रमाणें! पोर्तुगालशीं संबंध तुटून पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी सुमारें एक हजार माणसांच्या मुखीं ती राहिली. यांत आश्चर्य वाटून घेण्याचें कारण नाहीं. आपणही पाद्री, चावी, पगार, बटाटा हे शब्द त्याच दर्यावर्दी लोकांकडून घेतले नाहींत काय?

आतां काळ पालटला आहे. १९८० नंतरच्या दशकांत खाडीवर पूल झाला. त्यामुळें आजाऱ्यास दवाखाना जवळ आला, तरुणांस काम जवळ आलें. शाळेनें मुलांस मराठी दिली. हीं सर्व उपकाराचींच कामें होत. पण एक गोष्ट आम्हांस सांगितलीच पाहिजे. पूर्वीचे पाद्री पोर्तुगीज जाणणारे असत; तेव्हां लोकांची घरची बोली व देवळांतील प्रार्थना यांचें नातें टिकून होतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) देशी भाषांतून उपासना होऊं लागली व तेथें मराठी आली. लोकांस उपदेश कळावा हा हेतु पवित्रच होता. परंतु वेदीवरून जी भाषा ऐकूं येत नाहीं, ती हळूहळू ओसरीवरूनही उठते. आम्हीं सेमिनरींत लॅटिनचीं रूपें घोकलीं; मात्र या बोलीचें नांवही तेथें आमच्या कानीं पडलें नाहीं. तेव्हां दोष केवळ पुलाचा किंवा शाळेचा नव्हे. त्यांत आम्हां धर्मगुरूंचाही वांटा आहे, हें आम्ही नम्रपणें कबूल करतों.

किल्ल्याचा तट ढासळला तर दगड तरी उरतात. बोली बोलणारा शेवटचा म्हातारा मातीआड गेला कीं मागें कांहींच उरत नाहीं. पेंटेकॉस्टच्या दिवशीं प्रत्येकानें आपापल्या भाषेंत देवाचीं महत्कृत्यें ऐकलीं, असें पवित्र शास्त्र सांगतें. त्या दिवशीं कोणती भाषा मोठी व कोणती धाकटी, असें कोणीं विचारलें नाहीं.

तरी वाचकांस आमची विनंति इतकीच : आपल्या घरींही वडीलधारीं माणसें आहेत. त्यांच्या प्रार्थना, लग्नांतलीं गाणीं, शेतावरचे व स्वयंपाकघरांतले शब्द या महोत्सवाच्या वर्षांत एका वहींत उतरून ठेवा. कोर्लईच्या गरिबांनीं राजाश्रयावांचून जी ठेव राखली, तसली ठेव आपल्या ओसरीवरही आहे. ती हातची जाऊं नये, अशी सुबुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.