सितैन मया व अलफ : जुन्या कागदांवरचे साल

पेशवाईतल्या दरबारी कागदावर साल शोधू गेले तर आकडे बहुधा दिसत नाहीत, शब्द दिसतात. ‘सु॥ सितैन मया व अलफ’ ही तशी एक नोंद. ‘सु॥’ म्हणजे शुहूर सन, आणि पुढचे शब्द अरबी संख्यांचे मराठी वळण : साठ, शंभर आणि हजार. बेरीज ११६०. कंधार आणि उदगीर या दोन किल्ल्यांच्या मधल्या जळकोटच्या टापूत बहमनी, बरीदशाही, मोगल आणि निजाम अशा राजवटी बदलत गेल्या, तरी कागदावरची गणती फारसी-अरबी वळणाचीच राहिली. मराठ्यांच्या दप्तरांनीही तीच उचलली.

शुहूर सनाचा आरंभ इ. स. १३४४ मधला, महंमद तुघलकाच्या काळातला मानतात. त्या वेळी हिजरी सन ७४५ चालू होता. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे. पिके मात्र सूर्याच्या गतीने येतात. वसुलीला सौर वर्ष हवे म्हणून ७४५ हाच आकडा धरून पुढची मोजणी सौर केली. वर्ष बदलते ते सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणून याला मृगसाल असेही म्हणत. पेरणीच्या तोंडावर नवे साल ही सोय कुणब्याला आणि कारकुनाला सारखीच मानवली.

लिहिण्याची रीत अशी. एकं आधी, मग दहं, मग शतं आणि शेवटी हजार. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा. पुढे अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे वीस ते नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक जून १६७४ मधला. त्या वर्षीच्या कागदांवर ‘खमस सबैन अलफ’ येते : पाच, सत्तर, हजार, म्हणजे १०७५. शतकाचा शब्दच नाही, कारण शतकाच्या जागी काही नाही. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६००.

रोमन अंकांची तऱ्हा याच जातीची. ११६० रोमन पद्धतीत एम, सी, एल, एक्स अशा चार खुणांनी लिहितात : हजार, शंभर, पन्नास, दहा. तिथे मोठी खूण आधी, इथे लहान शब्द आधी. पण दोन्हीकडे प्रत्येक खूण आपली किंमत अंगावर घेऊन येते, जागेवरून ती ठरत नाही. म्हणून शून्याची गरज दोघांनाही नाही. रोमन अंकांत पाचाच्या डावीकडे एकाची खूण मांडून चार करतात, तशी वजाबाकी शुहूर सनात कुठेही नाही. ज्या मुलखात शून्यासह दशमान अंक शतकानुशतके रुळले होते, तिथल्याच कारकुनांनी साल लिहिताना शून्य बाजूला ठेवले, ही गंमत खरी. कारण फार खोल नसावे. आकड्याची एक रेघ वाढवणे सोपे, शब्द बदलणे अवघड. शिवाय वरच्या दरबाराचा रिवाज मोडण्यात कोणाचा फायदा नव्हता.

उदगीरच्या लढाईचा कागद वाचायचा झाला तर सगळी मौज एका ओळीत दिसते. सदाशिवरावभाऊंनी ३ फेब्रुवारी १७६० रोजी निजामाच्या फौजेवर जय मिळवला आणि तहात सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबादसारखे किल्ले पदरात पाडले. त्या आठवड्यातल्या पत्रावर ‘छ’ म्हणजे चंद्र, तिथीचा आकडा, जमादिलाखर महिना आणि मग ‘सितैन मया व अलफ’. महिना हिजरी, साल मात्र हिजरी नव्हे. हिजरी सन त्या दिवशी ११७३ होता. बारा चांद्र महिने सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड पडतात, त्यामुळे एकाच शुहूर वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस तोच चंद्र, तोच महिना दोनदा येऊ शकतो. अशा वेळी कागद कोणत्या टोकाचा हे मजकुरावरूनच ठरवावे लागते.

दुसरी अडचण लिपीची. मोडीत ओळभर रेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे लोंबवीत. शब्दांमध्ये जागा सोडत नसत, ऱ्हस्वदीर्घही पाळत नसत. सबा आणि सबैन, सीत आणि सितैन, तिसा आणि तिसैन यांतले अंतर एका फराट्याचे. तो निसटला की सातचे सत्तर होतात. पाणी लागलेल्या कागदावर सबैन की तिसैन हा वाद वीस वर्षांचा फरक पाडतो.

निजामाच्या राज्यात साल फसली, इसवीहून ऑक्टोबर ते डिसेंबर ५९० नी आणि जानेवारीपासून पुढे ५९१ नी मागे. त्याचे वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून सुरू होई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान संपले तेव्हा फसली १३५७ चालू होते. रकमांसाठी मात्र फारसी दप्तरात ‘रकम’ नावाची वेगळी लिपी चाले. अरबी संख्याशब्द घाईने लिहून लिहून त्यांच्या आखूड खुणा झाल्या, त्याच तिथले अंक. यातही शून्य नाही.

मराठी हिशेबात अपूर्णांकही खुणा जोडूनच लिहीत. एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण : ५। सव्वापाच, ५॥ साडेपाच, ५॥। पावणेसहा. जीभ सहातून पाव वजा करते, लेखणी पाचात पाऊण मिळवते. पावच्या आत आण्यांसाठी तिरप्या रेघा, एक आण्याला एक, तिनापर्यंत. चौथ्या आण्याला पुन्हा उभी रेघ. १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि या रेघांचे काम संपले.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा मराठवाड्यातले मोडी आणि उर्दू दप्तर पुन्हा उघडावे लागले. हे कागद वाचायला बसणाऱ्याला लिपीबरोबर फसली सनाची वजाबेरीजही यावी लागते.